घर घेण्याआधी जमिनीला तिचं जुनं नाव विचारा

"रोह्यात घर घ्यायचंय, कुठे घेऊ?"

पत्रकाराला लोक राजकारणाचं विचारत असतील असं तुम्हाला वाटेल. पण गेली दोन-तीन वर्षं मला फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे. विचारणारे दोन प्रकारचे. एक आपलेच. आळीतलं जुनं घर भावाभावांत वाटलं, वाट्याला दोन खोल्या आल्या, आता मुलगा लग्नाचा झाला म्हणून फ्लॅट बघणारे. दुसरे ठाणे-डोंबिवलीकडचे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, उरण-पनवेल-पेणच्या १२४ गावांसाठी 'तिसऱ्या मुंबई'ची अधिसूचना निघाली. तेव्हापासून पेणपासून रोह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बोर्ड लागलेत. नदीकिनारी. डोंगराच्या कुशीत. समुद्रापासून इतक्या मिनिटांवर.

मी दलाल नाही आणि इंजिनिअरही नाही. भाव वाढेल की पडेल हे मला सांगता येत नाही. मला फार तर एवढं सांगता येतं की ती जागा आधी काय होती. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्या भागात भावाच्या आधी हेच विचारायला हवं. कसं, ते जरा सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं. त्या मानाने ही दहा मिनिटं काहीच नाहीत.

आधी एक गोष्ट पक्की करू. रोहा समुद्रावर नाही, पण समुद्र रोह्यात येतो. आपली कुंडलिका सह्याद्रीतून भिऱ्याकडून निघते, कोलाडवरून रोहा-अष्टमीच्या मधून जाते आणि रेवदंडा-कोर्लईजवळ अरबी समुद्राला मिळते. त्या मुखातून भरतीचं पाणी उलट वर चढत आपल्यापर्यंत येतं. रेवदंड्याला भरती लागल्यावर आपल्याकडे ती जाणवायला जरा वेळ लागतो, एवढाच फरक.

आज पाण्याचं हे उलट येणं आपल्याला त्रासाचं वाटतं. पण रोहा इथे वसलं ते त्याच्याचमुळे. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी कोकणात माल पाण्यावरून जायचा. चौल-रेवदंडा हे फार जुनं बंदर. तिथून आत शिरलेली गलबतं, मचवे भरतीच्या जोरावर रोहा-अष्टमीपर्यंत यायचे. घाटावरून उतरलेला माल आणि आसपासचा भात इथे यायचा, होड्यांत भरला जायचा आणि ओहोटीबरोबर खाली जायचा. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन वस्त्या का, नगरपालिकेच्या नावात रोहा आणि अष्टमी दोन्ही का, याचं उत्तर त्या पाण्यात आहे.

म्हणजे जुन्या माणसांना नदी जवळ हवी होती. पण किती जवळ? ते त्यांनी फार विचार करून ठरवलं होतं. धक्का पाण्याला लागून, घर मात्र पाण्यापासून राखून. अष्टमीत किंवा रोह्याच्या जुन्या आळ्यांमधून एकदा मुद्दाम फिरा आणि जी काही जुनी घरं उरलीत त्यांची जोती बघा. कुठे दोन पायऱ्या, कुठे पाच. ही उंची शोभेसाठी नव्हती. आजोबा-पणजोबांनी पाहिलेल्या पुराची ती नोंद आहे. दगडात केलेली, पण लिहिलेली नाही. ज्या आळीतल्या सगळ्यात जुन्या घराला पाच पायऱ्या आहेत, तिथे शेजारच्या नव्या बिल्डिंगचं पार्किंग रस्त्याच्या पातळीवर असेल, तर दोघांपैकी कोण तरी चुकतंय. आणि पणजोबा चुकलेले नसावेत.

आपल्या भागातलं कुठलंही जुनं गाव घ्या, रोहा तालुक्यातलं किंवा पेणमधलं. साधारण तीन पट्टे दिसतात. वर डोंगर आणि त्याच्या उताराची वरकस जमीन, जिथे नाचणी-वरी व्हायची आणि गुरं चरायची. मध्ये गावठाण आणि गोड्या पाण्याची भातशेती. आणि खाली, खाडीकडे, खार आणि खाजण. गावठाण बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात. भरती पोचणार नाही एवढं वर आणि डोंगर अंगावर येणार नाही एवढं लांब. शेकडो वर्षं माणसं इथे राहिली आणि तरी काही जागा मोकळ्याच ठेवल्या. त्या मोकळ्या का राहिल्या, हा प्रश्न आपण विचारत नाही. आपल्याला ती 'डेव्हलप न झालेली' जमीन वाटते.

आता खार म्हणजे काय, हे नव्या पिढीला आणि बाहेरून येणाऱ्यांना सांगायला हवं. खार ही निसर्गाने दिलेली जमीन नाही. खाडीच्या पाण्यात मातीचे बांध घालून, आतलं पाणी काढून, दोन-तीन पावसाळे मीठ धुऊ देऊन माणसाने केलेली जमीन आहे. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेर थांबतं. एवढी साधी आणि एवढी हुशार यंत्रणा. पेण-अलिबागचा खारेपाट असाच उभा राहिला. त्यासाठी शिलोत्री नावाची पद्धतच होती. बांध घालणारा शिलोत्रीदार आणि कसणारी कुळं यांच्यातला व्यवहार, आणि बांधदुरुस्तीसाठी पिकातला वेगळा हिस्सा. कारण बांध एकदा घालून भागत नाही. दरवर्षी खेकडे भोकं पाडतात, लाटा माती नेतात. एक खांड पडली आणि आठवडाभर दुर्लक्ष झालं की शेकडो एकरांत खारं पाणी. त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात नाही.

हा व्यवहार न्यायाचा होता असं मी म्हणत नाही. उलट. खोत आणि सावकार यांनी कुळांना किती पिळलं याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो जवळजवळ सहा वर्षं चालला. इतकी वर्षं शेतं पडीक ठेवून माणसं उपाशी राहिली, जंगलातली लाकडं विकून जगली, पण मागे हटली नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. हे व्हायलाच हवं होतं.

पण जमीन वाटली गेली तशी बांधाची जबाबदारी वाटता आली नाही. पाच गुंठेवाल्याने मैलभर लांबीचा बांध कसा राखायचा? म्हणून सरकार मध्ये आलं. १९४८ चा खार जमीन कायदा, मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा. आज खारभूमी विभाग आहे, योजना आहेत, टेंडर आहेत. आणि दर पावसाळ्यात, मोठ्या उधाणाला, 'बांध फुटला, शेतात खारं पाणी' ही बातमीही आहे. मी स्वतः ती इतक्या वेळा लिहिली आहे की गावाचं नाव बदललं की बातमी तयार होते.

घराच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. खार ही सांभाळली तर जमीन, नाही सांभाळली तर खाडी. सात-बारावर तुमचं नाव लागलं तरी समुद्राचा दावा जुना आहे आणि त्याला तलाठ्याकडे जावं लागत नाही. बांध फुटून पाणी आत राहिलं की दोन-तीन वर्षांत तिथे तिवर उगवतं. तिवर उगवलं की ती कांदळवनाची जमीन. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार ते तोडता येत नाही आणि त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. खारेपाटातले कितीतरी शेतकरी या कात्रीत सापडलेत. पीक नाही, विक्री नाही, भरपाई नाही. अशा जमिनीला लागून कुणी प्लॉट दाखवत असेल तर बांध कुणाचा, शेवटचा कधी दुरुस्त झाला, उघाडी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

भराव घातला की प्रश्न मिटतो असं सांगितलं जातं. मिटत नाही, शेजाऱ्याकडे जातो. जे पाणी त्या खाजणात पसरायचं ते आता पलीकडच्या वाडीत पसरतं. शिवाय भराव वरून कडक दिसला तरी खाली खाडीचा चिखल असतो. तो वर्षानुवर्षं दबत राहतो. पाया खोल नेला नसेल तर भिंती सांगतात. बोअर मारली तर पाणी खारट लागण्याची शक्यता मोठी.

पाण्यावरून आठवलं. खारेपाटातलं सगळ्यात मोठं दुखणं पुराचं नाही, प्यायच्या पाण्याचं आहे. चहूबाजूंनी पाणी आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईकडे जातं. खारेपाटातल्या गावांनी त्यासाठी किती मोर्चे काढले याची गणती नाही. म्हणून 'चोवीस तास पाणी' हे माहितीपत्रकात वाचलं की एप्रिल-मे महिन्यात त्या गावात जाऊन कुठल्याही ताईला विचारा. खरं उत्तर तिच्याकडे असतं.

आता आपल्या नदीकडे येऊ, कारण रोह्यात 'रिव्हर व्ह्यू'ला फार भाव आहे.

आजची कुंडलिका पणजोबांची कुंडलिका नाही. मुळशीला टाटांचं धरण झालं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा. शेतकरी हरले आणि गावं बुडाली. त्या धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं गेलं, ते १९२७ मध्ये सुरू झालं. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडलं जातं. नीट बघा काय झालं ते. मुळेचं जे पाणी पुण्याकडून भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते शंभर वर्षं आपल्या दारावरून अरबी समुद्राला जातंय. आपली नदी उन्हाळ्यात वाहते ती यामुळे. कोलाडचं राफ्टिंग यामुळे. डोलवहालच्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे यामुळे. आणि धाटावची एमआयडीसी इथे आली त्यातही बारमाही पाण्याचा वाटा मोठा. ज्यांची गावं मुळशीत बुडाली त्यांच्या पाण्यावर आपलं गाव वाढलं, हे आपण विसरून चालणार नाही.

कारखाने आले, १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. दिवा-रोहा गाडीने मुंबई हाताशी आली. तोवर आळीत राहणारं रोहा वरसे, भुवनेश्वर, धाटावच्या दिशेने पसरायला लागलं. कामगाराला कारखान्याजवळ घर हवं होतं, दुकानदाराला रस्त्याजवळ, शिक्षकाला शाळेजवळ. प्रत्येकाचं कारण बरोबर होतं. फक्त एक झालं. जागा निवडताना पाण्याचा विचार करायची सवय सुटली. रस्ता कुठून जातो ते बघू लागलो, ओहोळ कुठून जातो ते बघायचं राहिलं. दमखाडीसारखं नाव आपण रोज घेतो, पण त्या नावात 'खाडी' का आहे हे किती जणांनी घरी विचारलंय?

आणि मग पाणी आठवण करून देतं. २४ जुलै १९८९ ची आठवण आपल्या तालुक्यात अजून आहे. अंबा नदी रात्रीत चढली, सुधागडमधलं जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, खाली नागोठणं पाण्यात गेलं. ज्यांनी ते पाहिलं ते आजही जुलैमध्ये रात्री उठून नदी बघून येतात. मग २५-२६ जुलै २००५. मुंबईच्या पुराची चर्चा जगभर झाली, पण त्याच वेळी आपल्या जिल्ह्यात महाड-पोलादपूरकडे जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये, ८० हून अधिक जीव. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. म्हणजे 'डोंगराच्या कुशीत' हा शब्दही जपूनच वाचा. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेत मागे उघडी माती उभी असेल आणि वर पाण्याला वाट नसेल, तर ती कुशी नव्हे. आणि ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तर सगळ्यांनीच सोसलंय. पत्रे उडाले, झाडं-खांब आडवे झाले, कित्येक वाड्यांत कितीतरी दिवस वीज नव्हती.

पूर येतो कसा हे एकदा समजून घेतलं की घर निवडणं सोपं होतं. नुसत्या पावसाने आपल्याकडे एवढा पूर येत नाही. तीन गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. घाटमाथ्यावर मोठा पाऊस, वरून येणारा विसर्ग आणि खालून चढणारी भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण असेल तर खाडीचं तोंड बंद झाल्यासारखं होतं. नदीला जायला जागा नाही, मग ती आपल्या जुन्या जागा शोधते. जिथे पूर्वी खाजण होतं, ओहोळ होता, तिथे. अष्टमीच्या जुन्या पुलावरून पाणी गेलं की अख्खं गाव बघायला जातं. बघायला जाणाऱ्यांनी पाणी काठावर कुठे वळतंय तेही बघावं. घर घेणाऱ्यासाठी त्या दिवशीसारखी दुसरी साइट व्हिजिट नाही.

सरकारी भाषेत डोलवहाल बंधाऱ्यावर कुंडलिकेची इशारा पातळी २३ मीटर आणि धोक्याची पातळी २३.९५ मीटर. नागोठण्याला अंबेची धोक्याची पातळी ९ मीटर. दर पावसाळ्यात आम्ही हे आकडे छापतो आणि तुम्ही वाचता. पण २३.९५ म्हणजे माझ्या जिन्याची कितवी पायरी, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. आकडा आहे, अर्थ नाही.

दुसरा असाच आकडा पूररेषेचा. जलसंपदा खात्याच्या निळ्या रेषेचा अर्थ साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर, लाल रेषेचा १०० वर्षांत एकदा. लोक ऐकतात आणि म्हणतात, "पंचवीस वर्षांत एकदाच ना? तोवर बघू." इथे फसगत आहे. याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात चार शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही असं नाही. हिशोब केला तर वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात ५६. आणि शंभर वर्षांचा म्हणतात तोसुद्धा शंभरात १८. हप्ता फिटायच्या आत पाणी येण्याची निम्म्याहून जास्त शक्यता आहे असं बँकेने सांगितलं असतं तर तुम्ही सही केली असती का?

मग काय करायचं? मी लोकांना फोनवर जे सांगतो ते इथे एकत्र लिहितो.

एक. नुसता आजचा सात-बारा बघू नका. जुने फेरफार काढा, गाव नकाशा काढा. खार, खाजण, वरकस, पोटखराबा हे शब्द कुठे दिसतात का बघा. नकाशात ओहोळ दाखवलेला असेल आणि जागेवर नसेल, तर तो गेलेला नाही, झाकलेला आहे. खारेपाटात बरीचशी जमीन कूळकायद्याने मिळालेली आहे. तिथे कलम ४३ ची अट आणि परवानगी वकिलाकडून तपासून घ्या.

दोन. सीआरझेड फक्त अलिबाग-मुरूडच्या बीचपुरतं आहे असं समजू नका. १९९१ पासून हा नियम भरतीच्या खाड्या-नद्यांनाही आहे. पाण्यातलं मीठ ऐन उन्हाळ्यात हजारात पाच भागांपर्यंत जिथवर पोचतं तिथवर तो लागतो. खाडीकाठचं अंतर २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर होतं, २०१९ मध्ये ५० मीटर केलं, किंवा खाडीची रुंदी, दोन्हीपैकी जे कमी असेल ते. मंजूर नकाशावर तुमचा गट नंबर कुठे पडतो ते लेखी मागा. तोंडी 'काही प्रॉब्लेम नाही साहेब' चालणार नाही.

तीन. महारेराची नोंदणी बघा, पण तीच ढाल समजू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत घरांची स्कीम असेल तर नोंदणीची सक्तीच नाही, आणि आपल्याकडे बरीच बांधकामं एवढीच असतात. शिवाय नोंदणी आहे म्हणजे पाणी भरणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

चार. जागा तीन वेळा बघा. जुलैच्या मोठ्या पावसात भरतीच्या वेळी, मे महिन्यात पाण्यासाठी, आणि कारखान्यांच्या बाजूला असेल तर रात्री अकरानंतर, वारा कुठून येतो आणि काय घेऊन येतो ते बघायला. रविवारी दुपारी गाडी पाठवून नेतात तेव्हा तिन्ही गोष्टी दिसत नाहीत.

पाच. शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. चहा घ्या. "आजोबा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" एवढंच विचारा. बोटाने भिंतीवर खूण दाखवतील.

इथवर घेणाऱ्याची बाजू झाली. पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. कुठे राहायचं हे निवडता येणं ही आपल्या समाजात कधीच सगळ्यांच्या हातातली गोष्ट नव्हती.

मधला सुरक्षित पट्टा गावठाणाचा, असं वर म्हटलं. त्या गावठाणात कोण होतं? आळ्यांची नावं बघा, व्यवसायाची आणि जातीची आहेत. ज्यांना गावात जागा नव्हती त्यांचे वाडे कडेला, ओहोळाजवळ, सखल भागात. कातकरी आणि ठाकर वाड्या उतारावर, पुष्कळदा घराखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर. इर्शाळवाडी ठाकरांची होती. चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला तो आपल्याच जिल्ह्यात, महाडला. पाणी कुणी प्यायचं हे जसं जातीने ठरत होतं, तसंच पाणी कुणाच्या घरात शिरायचं हेही ठरत होतं. आज नव्या सोसायटीत 'आपले कोणत्या समाजाचे?' असं गोड आवाजात विचारलं जातं तेव्हा जुनी आळीच नव्या प्लास्टरमध्ये उभी असते. चांगला शेजार म्हणजे आपल्यासारख्याच लोकांचा शेजार नव्हे. पुराच्या रात्री दार उघडतो तो चांगला शेजार, आणि तो कोणत्या समाजाचा होता हे त्या रात्री कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि ज्याला फ्लॅट परवडतो तो निदान विचारू शकतो. ज्याला गुंठा-दीड गुंठा स्वस्तात मिळाला म्हणून तो खाजणाच्या कडेला घर बांधतो, त्याला कोण सांगणार? जमीन स्वस्त का आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यात कळतं. हे एकेकट्या माणसाच्या हुशारीवर सोडण्यासारखं नाही. म्हणून पेण आणि रोहा-अष्टमी या दोन्ही नगरपरिषदांकडे आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींकडे माझी जाहीर मागणी आहे.

पूररेषेचा आणि सीआरझेडचा नकाशा गट नंबरसकट, मराठीत, कार्यालयाच्या भिंतीवर लावा. विजेच्या खांबांवर १९८९, २००५, २०२१ च्या पाण्याची खूण रंगवा. पातळी २३.९५ ला गेली की कोणत्या आळीत किती पाणी येतं याचा तक्ता करा. बांधकाम परवानगी देताना मूळ ओहोळ कुठे गेला हे लेखी नोंदवा. चार डबे रंग आणि आठवडाभराचं काम आहे. त्यासाठी कुठल्या मोठ्या प्रकल्पाची वाट बघायला नको.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण सुरुवात करू. तुमच्या आळीचं, वाडीचं, शेताचं जुनं नाव काय आणि पाणी कुठल्या साली कुठपर्यंत आलं होतं, हे खाली लिहा. घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा, अंदाजाने नको. ठिकाण, साल आणि पाणी गुडघ्याला होतं की छातीला, एवढं पुरे. पावसाळ्याआधी हे सगळं एका नकाशावर मांडून दोन्ही नगरपरिषदांना देणार आहे आणि इथेही टाकणार आहे. म्हणजे पुढच्या वेळी "रोह्यात कुठे घर घेऊ?" असा फोन आला, तर माझ्या मतापेक्षा तुमची माहिती पुढे करता येईल.